मागच्या चाकाचा घुंई आवाज परत येतोय? नवं बेअरिंग आणण्याआधी प्रेस बघा

पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर, जुनी जीप. तक्रार बहुधा एकच: मागच्या चाकातून घुंई आवाज यायला लागला, बेअरिंग बदललं, दोन-तीन महिने गाडी गप्प राहिली आणि मग तोच आवाज, त्याच चाकातून. दुसऱ्या वेळी खापर बेअरिंगवर फुटतं, ‘हल्ली मालच चांगला येत नाही’ म्हणून. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला बनावट माल मिळतो, हे खरं आहे. पण परत आलेल्या ॲक्सलमधलं बेअरिंग कापून गोळ्या फिरतात तो आतला मार्ग पाहिला, तर बऱ्याचदा दोष ते बसवताना झालेला दिसतो. जोर चुकीच्या रिंगवर दिलेला असतो, बेअरिंगला जागेवर धरणारी जुनी कॉलर परत ठोकलेली असते, किंवा शाफ्टची बैठक, म्हणजे बेअरिंग बसायची जागा, झिजलेली असताना तिच्यावर नवं बेअरिंग चढवलेलं असतं.

म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो. बेअरिंग दाबून काढायचा-बसवायचा हायड्रॉलिक प्रेस बराच उशिरा येतो, मात्र आल्यावर जास्त जागा घेतो.

लक्षणं

ताशी ३५-४० किलोमीटरच्या पुढे सलग घुंई आवाज येतो आणि वेगाबरोबर त्याची पट्टी चढते. न्यूट्रल करून गाडी सोडली तरी तो जात नाही. उजवीकडे लांब वळण घेताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग, डावीकडे वळताना वाढला तर उजवं. ही चाचणी गर्दीत होत नाही. पाम बीच रोडसारखा गुळगुळीत, रुंद रस्ता सकाळी लवकर गाठा.

दुसरं लक्षण ब्रेकचं. एका बाजूचा मागचा ब्रेक ढिला पडतो, चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर तेलाचे ओघळ दिसतात आणि गंधकासारखा उग्र वास येतो. तो गिअर ऑईलचा.

तिसरं लक्षण सगळ्यात वाईट. चाक बाहेरच्या बाजूला सरकलेलं दिसतं, ड्रम आणि बॅकप्लेट (ड्रममागची न फिरणारी प्लेट) यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी नसते. असं दिसलं तर गाडी तिथेच उभी करा आणि टोइंगवाल्याला बोलवा. ज्या ॲक्सलमध्ये शाफ्टला फक्त बेअरिंग आणि त्यामागची दाबून बसवलेली कॉलर धरून ठेवते, तिथे कॉलर सरकली की शाफ्ट, ड्रम आणि चाक मिळून बाहेर येतात, आणि तेही चालत्या गाडीत.

आवाज ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल आणि सोडल्यावर कमी होत किंवा बदलत असेल, तर चाकाचं बेअरिंग सोडून द्या. तो क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या चाकांना गती देणाऱ्या दात्यांच्या जोडीचा, किंवा पिनियन बेअरिंगचा आवाज असतो. त्या कामात या लेखातलं काहीच उपयोगी पडणार नाही.

खर्च शून्य: टायर, ब्रीदर, तेलाची पातळी

आधी टायर. जुन्या गाड्या महिनोन्‌महिने एका जागी उभ्या राहतात. टायर एका बाजूला चपटा होतो किंवा त्याला पायऱ्या पडतात, आणि त्याचा आवाज बेअरिंगसारखाच लागतो. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा, हवा सारखी भरा, परत चालवून बघा. आवाज पुढे गेला तर काम संपलं. रस्ता बदलल्यावर, म्हणजे डांबरावरून काँक्रीटवर आल्यावर, आवाजाचा पोत बदलत असेल तरी संशय टायरवरच.

मग ॲक्सल केसिंगवरचा ब्रीदर शोधा. छोटी टोपी किंवा भोक असलेला बोल्ट असतो, बहुधा चिखलाखाली गाडलेला. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती तेल अडवणाऱ्या सीलमधून वाट काढते आणि सोबत तेल घेऊन येते. सील तीनदा बदलूनही गळती थांबत नाही, त्याचं कारण अनेकदा हे रुपयाभराचं भोक असतं. आपल्याकडे याची दुसरी बाजूही आहे. पावसात घोडबंदर रोडवर चाकभर पाण्यातून गाडी नेली की तापलेला ॲक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ओढ तयार होते. ब्रीदर बंद असेल तर पाणी सीलच्या ओठाखालून आत खेचलं जातं. ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून बघा.

तेलाची पातळी बघताना गाडी सपाट जागी हवी. फिलर प्लग काढल्यावर तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असावं, त्याच्यावर नाही. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून भरलेलं तेल सीलवर चढतं. बोट बुडवून बघा: तेल चहासारखं दुधी दिसलं तर पाणी शिरलंय. ते बदला, आणि दोन्ही बाजूंची बेअरिंग गंजली असतील असं धरूनच पुढे जा.

ड्रम काढून बघणं

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. हँडब्रेक सोडल्याशिवाय मागचा ड्रम निघणार नाही, म्हणून ठोकळ्यांवर कंजुषी नको.

आत ओलं दिसलं तर ते कसलं आहे ते ठरवा. ब्रेक ऑईल पाण्याने धुतलं जातं, गिअर ऑईल पाण्याला दाद देत नाही. पहिलं असेल तर व्हील सिलिंडर गळतोय आणि ॲक्सल उघडायची गरज नाही. गिअर ऑईलने भिजलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका. ते वरून कोरडे दिसतात आणि ड्रम तापला की तेल परत सोडतात.

ड्रम बाजूला असतानाच एक हात लीफ स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने शाफ्ट फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते. यासाठी एकच चाक उचललेलं असू द्या. दोन्ही उचलली तर एक फिरवताना दुसरं उलटं फिरतं आणि खरखर कुठली ते समजत नाही.

डायल गेज

मॅग्नेटिक स्टँडसह ०.०१ मिमीचा डायल गेज हे या कामातलं पहिलं विकत घेण्यासारखं हत्यार. प्रेसच्याही आधी घ्या. स्टँड बॅकप्लेटवर घट्ट चिकटवा, टोक शाफ्टच्या फ्लँजवर (चाक बसतं त्या रुंद चकतीवर) टेकवा, फ्लँज आत-बाहेर ढकला.

साध्या बॉल बेअरिंगमध्ये थोडं आत-बाहेर असणारच. ते आतल्या रेडिअल क्लिअरन्सच्या, म्हणजे गोळ्या आणि रिंग यांच्यातल्या उभ्या मोकळीकीच्या, साधारण आठ-दहा पट असतं. उदाहरणार्थ ६३०६ बेअरिंग, म्हणजे ३० मिमी आतला व्यास, ७२ मिमी बाहेरचा, १९ मिमी रुंदी. त्याच्या सी-३ (जास्त मोकळीक असलेल्या) प्रकारात न बसवता क्लिअरन्स १३ ते २८ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असतो. म्हणजे नव्या बेअरिंगलाही एक-दोन दशांश मिलिमीटरचा खेळ दिसू शकतो. तेवढ्यावरून ते बाद करू नका. अर्धा मिलिमीटर दिसला, किंवा ढकलताना ‘टक’ असा आवाज आला, तर मात्र शाफ्ट बाहेर काढायचा.

फ्लँजचा रनआउटही, म्हणजे फिरवताना ती किती डोलते तेही, आत्ताच घ्या. शाफ्ट वाकलेला असेल तर कितीही चांगलं बेअरिंग टिकणार नाही, आणि तो वाकडा होता हे काम झाल्यावर कळून उपयोग नाही.

शाफ्ट बाहेर काढणं

बॅकप्लेटचे चार बोल्ट काढले की ब्रेक पाइपला ताण न देता शाफ्ट ओढायचा. इथे हवा स्लाइड हॅमर: चाकाच्या स्टडवर बसणारी प्लेट, लांब रॉड आणि त्यावर सरकणारं वजन. वजन तीन-चार किलोचं असेल तर बेअरिंग दोन-चार ठोक्यांत सुटतं.

गल्लीतली युक्ती वेगळी असते. ड्रम उलटा लावायचा, नट सैल ठेवायचे आणि ड्रमच धरून हिसके मारायचे. शाफ्ट निघतो, हे खरं. पण ड्रम बिडाचा असतो आणि बीड हिसक्याला तडकतं. पद्मिनीचा चांगला ड्रम आता सहज मिळत नाही, आणि कुर्ल्याच्या भंगारात मिळाला तर त्याची आतली मापं संपत आलेली असतात. बॅकप्लेटमध्ये पहार घालून उचकटणं तर त्याहून वाईट. प्लेट वाकते, मग ब्रेक शू तिरके बसतात आणि एक नवीनच आवाज सुरू होतो.

ब्रिटिश बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातल्या काही जुन्या ॲक्सलमध्ये हब शाफ्टवर नसून केसिंगच्या नळीवर बसतो, मोठ्या नटने आवळलेला. तिथे एका बाजूचा नट उलट्या आट्यांचा असू शकतो. आटे नीट बघितल्याशिवाय पान्यावर पाइप चढवू नका.

जुनं बेअरिंग काय सांगतं

फेकण्याआधी ते बेअरिंग कापा. बाहेरची रिंग ग्राइंडरने दोन ठिकाणी जवळजवळ आरपार कापली की छिन्नीच्या हलक्या ठोक्याने उघडते. गॉगल हवाच. आतला मार्ग पुसून उजेडात धरा.

गोळ्यांमधल्या अंतराएवढ्या अंतरावर बारीक खड्डे, सगळे एकाच बाजूच्या खांद्याकडे: जोर गोळ्यांमधून गेला. म्हणजे बाहेरची रिंग दाबून आतली रिंग शाफ्टवर चढवली. हा दोष बसवणाऱ्याचा.

तेवढ्याच अंतरावर, पण मार्गाच्या मधोमध काळपट डाग: गाडी उभी असताना पाणी साचून गंज चढला. खाडीच्या काठच्या पार्किंगमध्ये पावसाळाभर न हललेल्या गाड्यांत हे नेहमीचं. दर आठवड्याला गाडी थोडी पुढे-मागे केली तरी फरक पडतो.

आतल्या रिंगच्या भोकात चकाकी किंवा तांबूस भुकटी: रिंग शाफ्टवर फिरत होती. बैठक ढिली आहे. नवं बेअरिंगही फिरणार.

कॉलरच्या जागी शाफ्टवर बारीक चरे, लांबीच्या दिशेने: कॉलर सरकत होती. पुढची पायरी इथून ठरते.

बैठक मापा, अंदाज नको

२५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर लागेल. व्हर्निअर इथे पुरत नाही, कारण आपण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाबद्दल बोलतोय. बैठकीवर तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मापा. ३० मिमीच्या बेअरिंगचं भोक ३०.००० ते २९.९९० मध्ये असतं. शाफ्ट ३०.०१-३०.०२ असेल तर पकड नीट आहे. ३०.००० च्या खाली एकाही ठिकाणी गेला असेल तर तिथे प्रेसचं काम संपलं, कारण दाबायला काही उरलंच नाही.

या वळणावर दोन लाडके उपाय पुढे येतात. एक म्हणजे सेंटर पंचने बैठकीवर टिपके मारून ती ‘जाड’ करायची. टिपक्यांची टोकं आठवडाभरात चपटी होतात आणि रिंग परत फिरते. दुसरा, वेल्डिंगने भर घालून टर्निंग. हा जास्त धोक्याचा. ॲक्सल शाफ्ट कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी तो ठिसूळ होतो आणि नेमका तिथेच, चाकाजवळ, तुटतो. हार्ड क्रोम किंवा मेटल स्प्रे करून ग्राइंडिंग करणारे कारखाने वागळे इस्टेटमध्ये आणि रबाळे-महापेच्या पट्ट्यात शोधले तर मिळतात. त्यांना नुसता शाफ्ट देऊ नका. सोबत नवं बेअरिंग आणि कागदावर लिहिलेलं हवं ते माप द्या.

प्रेस: टन नव्हे, उंची आणि आधार

प्रेस घेताना पहिला प्रश्न असतो ‘किती टनांचा?’ खरं तर हा शेवटचा प्रश्न. ३० मिमीच्या बैठकीवर २० मायक्रॉनचा ताण (शाफ्ट भोकापेक्षा तेवढा जाड) असलेलं ६३०६ बेअरिंग हिशेबाने टनभराच्या आतच सरकतं. गंजलेलं असेल तर दोन-तीन टन. त्यामागची आकुंचन करून बसवलेली कॉलर साधारण तेवढीच पकड धरते. फियाट १२४ वरून निघालेल्या लाडाच्या दुरुस्तीपुस्तिकेत बसवलेली कॉलर २००० किलोचा ओढ सहन करते का ते तपासायला सांगितलं आहे. म्हणजे जोराच्या दृष्टीने १० टनांचा प्रेस पुरून उरतो.

अडतं ते उंचीवर. शाफ्टची लांबी मोजा आणि दुकानात टेप घेऊन जा. बेअरिंग काढताना फ्लँज खाली, दात असलेलं टोक वर, आणि बेअरिंगला फ्लँजच्या बाजूने आधार. रॅम (प्रेसचा दट्ट्या) वरच्या टोकावर दाबतो, शाफ्ट खाली जातो, बेअरिंग जागेवर राहतं. म्हणजे टेबलाच्या वर जवळजवळ पूर्ण शाफ्टएवढी मोकळी जागा हवी. बसवताना उलट केलं तर सोपं पडतं: फ्लँज वर, शाफ्ट टेबलाच्या फटीतून खाली लोंबकळता. म्हणजे टेबलाखालीही तेवढीच जागा हवी. टेबलावर ठेवायचा छोटा प्रेस दोन्ही वेळा नापास होतो. खांबांना भोकं असलेला, टेबल वरखाली करता येणारा उभा एच-फ्रेम प्रेस घ्या. टेबलाच्या दोन चॅनलमधली फट बेअरिंगच्या आधाराच्या प्लेटांना पेलेल इतकी अरुंद आणि फ्लँज खाली जाईल इतकी रुंद आहे का, हेही दुकानातच बघा.

टनांचा मोह का नको, याचं आणखी एक कारण प्रेसच्या दाब दाखवणाऱ्या गेजमध्ये आहे. २० टनांच्या प्रेसचा रॅम समजा ६० मिमी व्यासाचा असेल, तर त्याचं क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर भरतं. ८०० किलोचा जोर पडताना गेज जेमतेम २८ किलो प्रति चौ. सेंमी दाखवतो. सातशेच्या तबकडीवर काटा हललाय की नाही, यावरच वाद होतो. १० टनांच्या प्रेसचा रॅम ४० मिमीचा धरला तर तोच जोर ६४ वर दिसतो. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण बेअरिंग चढताना काटा संथपणे वर गेला तर पकड बरोबर, काटा हललाच नाही तर बैठक ढिली, आणि झटक्याने उडाला तर बेअरिंग तिरकं गेलंय. बिनगेजचा प्रेस स्वस्त मिळतो. तो घ्यायचा असेल तर गेजची जोडणी करून घेण्याचे पैसे बाजूला ठेवा.

घरी चॅनल वेल्ड करून बॉटल जॅकवर प्रेस बनवणारे अनेक आहेत. चालतो, दोन अटींवर. साधा बॉटल जॅक उलटा टांगून चालत नाही, कारण पंपाचं तोंड तेलाबाहेर राहतं. तो उभाच ठेवून सरकती चौकट ओढायची. आणि चौकट भाराखाली डोळ्यांना दिसेल इतकी वाकत असेल तर ती मोडीत काढा. वाकलेली चौकट स्प्रिंगसारखी जोर साठवते आणि बेअरिंग सुटलं की तो सगळा एकदम सोडते.

आधाराच्या वस्तूंवर मात्र सढळ हाताने खर्च करा:

– बेअरिंग सेपरेटर. दोन अर्धगोल भाग बोल्टने आवळायचे, धारेची कड बेअरिंगच्या मागे शिरते. फ्लँज आणि बेअरिंग यांच्यात बोट जात नाही, तिथे याला पर्याय नाही. ७५ मिमीपर्यंत उघडणारा आणि त्याहून मोठा, असे दोन ठेवा.
– साध्या पोलादाच्या जाड प्लेटांची जोडी, ‘यू’ आकाराच्या खाचेची. बिडाच्या नकोत.
– टर्नरकडून करून घेतलेली जाड भिंतीची नळी. आतला व्यास शाफ्टपेक्षा अर्धा मिमी जास्त, भिंत फक्त आतल्या रिंगवर टेकेल इतकीच जाड, दोन्ही तोंडं लेथवर काटकोनात घासलेली. बेअरिंगपासून दातांच्या टोकापर्यंतच्या अंतरापेक्षा लांब घेतली तर ती दोन्ही पद्धतींना चालते. हीच नळी परत येणारे आवाज थांबवते, आणि हिच्यावरच सगळे हात आखडतात.

सॉकेट दाबायला वापरू नका. तो कडक असतो, तिरका पडला की तुकडे उडतात. लोखंडाचे छोटे ठोकळे एकावर एक रचून उंची भरू नका.

नियम एकच पाळायचा: जी रिंग घट्ट बसायची आहे, जोर तिच्यावरच. शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर, केसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या.

कॉलर फोडणं, मग बसवणं

जुनी कॉलर प्रेसने ओढून काढण्यात शाफ्टवर चरे पडतात. त्यापेक्षा कॉलरच्या बाहेरून ६ मिमीचं ड्रिल जाडीच्या तीन चतुर्थांशपर्यंत न्या. शाफ्टपर्यंत नाही, त्यासाठी ड्रिलवर टेपची खूण करा. भोकावर छिन्नी ठेवून एक ठोका मारला की कॉलर चिरते आणि हाताने निघते. मग बेअरिंग प्रेसवर. त्याला गोणपाट गुंडाळा, समोर उभे राहू नका, तोंडावर शील्ड असू द्या. रिंग फुटली तर तुकडे गोळीसारखे जातात.

बसवण्याआधी शाफ्टवर काय-काय चढवायचं ते ओळीने मांडा. बॅकप्लेटची धरपट्टी आणि बाहेरचं सील असेल तर ते बेअरिंगच्या आधी चढतं. पट्टी टेबलावरच राहून गेली तर नवीन कॉलर फोडण्याशिवाय इलाज नाही, आणि हा प्रकार अनुभवी हातांकडूनही होतो.

बेअरिंग गरम करून घेतलं तर प्रेसचं काम निम्मं होतं. ठाण्याच्या ३० अंशांवरून ११० पर्यंत नेलं की ३० मिमीचं भोक सुमारे ०.०२९ मिमीने मोठं होतं, म्हणजे ते हातानेच सरकतं. गॅसची ज्योत थेट लावू नका, एका बाजूची रिंग जळते. वेगळा ठेवलेला जुना ओटीजी चालतो. स्वयंपाकघरातला वापरलात तर पुढचं काय ते तुमचं तुम्ही बघा. सीलबंद बेअरिंग ८०-९० च्या वर नेऊ नका आणि तेलात तर बुडवूच नका, आतलं ग्रीस धुऊन जातं.

कॉलर नेहमी नवी. घासून चकचकीत केलेली कॉलर तापवताना रंग बदलते: साधारण २२० अंशांना फिकट पिवळी, ३०० च्या आसपास निळी. निळी झाली की शाफ्टवर सोडायची आणि नळीने लगेच बेअरिंगला टेकवायची. त्यासाठी प्रेस आधीच सरळ करून, नळी हाताशी ठेवून उभं राहायचं. दोन-तीन सेकंदांचाच खेळ असतो. लाल होईपर्यंत तापवली तर ती नरम पडते. पाणी टाकून थंड करू नका. पूर्ण थंड झाल्यावर कॉलरला आधार देऊन प्रेसवर शाफ्ट दोन टनांनी उलटा दाबा. हलली तर बाद.

सीलचा ओठ कॉलरवर घासत असेल तर त्या पट्ट्यावर नख फिरवून बघा. नखाला चर लागला तर नवं सीलही गळणार. ओठाला गिअर ऑईल लावून मगच शाफ्ट आत सोडा, आणि तो आत जाताना सीलवर टेकू देऊ नका, हाताने उचलून धरा.

जीपवाल्यांसाठी

१९४१ ते ४५ च्या विलिस एमबीचा मागचा ॲक्सल फुल फ्लोटिंग आहे, म्हणजे गाडीचा भार शाफ्टवर नसून केसिंगवर असतो; हबची बेअरिंग नट काढून हाताने निघतात. नंतरच्या सीजे (नागरी जीप) घराण्यातल्या निमुळत्या टोकाच्या शाफ्टवर मात्र हब चावीसह (खाचेत बसणाऱ्या पोलादी तुकड्यासह) घट्ट बसतो आणि तिथे प्रेस पोचत नाही. चाकाच्या स्टडवर आवळले जाणारे पाच हातांचे पुलर आणि त्याच्या स्क्रूवर ठोकायचं डमरूसारखं डोकं, हेच हत्यार. दोन-तीन पायांचा साधा पुलर ड्रमची कड मोडतो.

नट पूर्ण काढू नका. दोन आटे सैल करून तसाच ठेवा. हब सुटतो तेव्हा तोफेसारखा येतो, नट त्याला अडवतो. पुलर ताणून हलत नसेल तर रात्रभर ताणात सोडा, सकाळी पुन्हा एक ठोका. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. धक्का थेट डिफ्रेन्शियलमधल्या थ्रस्ट ब्लॉकवर आणि पलीकडच्या बेअरिंगवर जातो.

परत बसवताना निमुळता भाग कोरडा आणि स्वच्छ हवा. भार तो निमुळता भाग घेतो, चावी नाही. नट पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर पुढे आवळा, मागे सैल करू नका. ढिला हब चावीघर खातो आणि तिथून शाफ्टला चीर जाते. शाफ्टचा आत-बाहेर खेळ शिमने (पातळ चकत्यांनी) ठरतो. जुने शिम मोजून, बाजू लिहून, पिशवीत ठेवा.

इथे थांबा

कॉलर फोडल्यानंतर उरलेलं बेअरिंग ५ टनांवरही हललं नाही, तर दाब सोडा. काहीतरी चुकीच्या जागी टेकलंय किंवा शाफ्ट गंजाने धरला आहे. आणखी पंप मारून फक्त स्फोट मिळेल. हे काम ज्याच्याकडे बंद जाळीचा मोठा प्रेस आहे, त्याला द्या.

फ्लँजच्या मुळाशी किंवा चावीघराच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसली तर डाय पेनिट्रंटची चाचणी करा. क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर, असे तीन स्प्रे लागतात. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की शाफ्ट भंगारात. त्यावर दुरुस्ती नाही.

बाहेरची रिंग केसिंगच्या तोंडात सैल फिरत असेल, केसिंग वाकलं असेल किंवा बैठक मापात नसेल, तर पुढचं काम मशीन शॉपचं. आणि क्राउन-पिनियनला हात लावायची वेळ आली तर ते काम फक्त बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि दातांवरचा ठसा बघून सेट करणाऱ्याकडेच न्या.

रस्त्यावर

पहिले वीस-तीस किलोमीटर ४०-५० च्या आत. थांबून हबला हात लावा. कोमट असावा, हात ठेवता आला पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या तापल्या का बघा, पण ब्रेक मारत आला असाल तर हा निकाल धरू नका. ५०० किलोमीटरनंतर ड्रम काढून सील कोरडं आहे का ते पाहा आणि डायल गेज परत लावा. बसवल्या दिवशीचा आकडा वहीत असेल तरच या मापाला अर्थ आहे, म्हणून तो त्याच दिवशी लिहा, तारीख आणि बाजूसह.